घरट्यात लाल काय आहे?

तमाम मराठी वाचकांना, आणि विशेषतः ज्यांच्या घरात सध्या कोणीतरी "एक चांगला कॅमेरा घेऊन टाकू" असं बोलून बसलं आहे अशा कुटुंबांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लांब झूमचा कॅमेरा दुकानाच्या आत उभं राहून विकत घेऊ नये. कोणी तसं केल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी प्रस्तुत लेखिकेवर राहणार नाही. हुकमावरून.

हुकूम माझाच आहे. लखनौच्या कपूरथला बाजारात एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी इतकी वर्षं काउंटरमागे उभी आहे, की हुकूम काढायचा अधिकार मला आपोआप मिळाला आहे. दुकान रस्तोगी सेठजींचं, आवाज माझा. आमचे हे वायुसेनेत होते. शेवटची बदली लखनौला झाली, आणि निवृत्तीनंतर सांगलीला परत जायचं, जायचं म्हणता म्हणता आम्ही इथलेच होऊन गेलो. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर ती हिंदीत देते. मी म्हणते, "अगं, जेवायला ये." ती म्हणते, "आ रही हूँ ना, आई." दुकानात मी भाभीजी, इथल्या मराठी मंडळींत मंगल. ग्राहक माझ्यामागे मला काय म्हणतात, ते मी सेठजींना कधी विचारलेलं नाही. त्यांनी सांगायचा प्रयत्न मात्र बऱ्याचदा केला आहे.

आता थोडं धंद्याचं. भिंगं बदलायचे मोठे कॅमेरे असतात. ते घेणाऱ्याच्या खांद्याला कायमचा उतार येतो. आणि फोन तर सगळ्यांच्या खिशात आहेत. त्यांनी आमचा निम्मा काउंटर गिळला, तिथे आता मोबाइलची रंगीत कव्हरं टांगलेली असतात आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते. या दोघांच्या मधला एक प्राणी अजून तग धरून आहे. त्याला एकच भिंग, अंगालाच चिकटलेलं. काढता येत नाही, घालता येत नाही. पण तेच भिंग अख्खी वरात टिपतं, आणि तेच पुढे सरकत सरकत घोड्यावरच्या नवरदेवाच्या नाकावरचा घाम दाखवतं. इथले लोक त्याला "दूरवाला कैमरा" म्हणतात. मला हे नाव कंपन्यांच्या नावांपेक्षा जास्त आवडतं.

दूरवाला घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो. "कितना एक्स है?" जणू एक्स म्हणजे घोड्याचं वय. एक्स म्हणजे भिंगाच्या जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत किती पटींचा फरक पडतो, एवढंच. मोठा आकडा दिसला की सेठजींचे डोळे चमकतात आणि माझे बारीक होतात. त्यातही भिंगाचा खरा झूम संपल्यावर कॅमेरा जे पुढे दाखवतो, ते आहे तेच चित्र ताणलेलं असतं. एका थालीपीठाच्या पिठात चार थापावीत तसं. तव्यावर चार दिसतात खरी, उलटताना कळतं. शिवाय या कॅमेऱ्याच्या पोटात फोटो टिपणारा जो तुकडा असतो तो नखाएवढा. उन्हात खुश, संध्याकाळी कुरकुर.

हे सगळं मी पूर्वी काउंटरवर सांगायची. कोणी ऐकायचं नाही. दुकानाच्या आत सगळेच कॅमेरे चांगले दिसतात, कारण आत बघायला असतं काय? समोरची भिंत, भिंतीवरचा बंद पडलेला पंखा आणि सेठजी. म्हणून मी पायरीची परीक्षा सुरू केली.

आमच्या दुकानाच्या पायरीवरून बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला एक मोबाइल टॉवर दिसतो. टॉवरवर घारींच्या एका जोडप्याने घरटं बांधलं आहे. घारी घरट्यात काय काय आणून ठेवतात ते बघण्यासारखं असतं. तारा, चिंध्या, प्लॅस्टिक, पूजेची झेंडूची माळ. आमच्या घरट्याच्या कडेला काहीतरी लाल आहे. ग्राहकाच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा अडकवायचा, त्याला पायरीवर उभं करायचं आणि विचारायचं, "बताइए, घोंसले में लाल क्या है?" उत्तर बरोबर आलं तर तो कॅमेरा त्या माणसाचा. नाही आलं, तर दुसरा आणते.

सेठजींना ही परीक्षा बिलकुल पसंत नव्हती. पैसे न दिलेला कॅमेरा दुकानाबाहेर जातो म्हणजे काय? सुरुवातीला ते ग्राहकाच्या मागे उभे राहून पट्ट्याचं मागचं टोक धरून ठेवायचे. दिसायचं असं, की सेठजी माणूस फिरवायला घेऊन निघाले आहेत. पुढे विश्वास बसला, आणि मग तर खुर्चीतून उठायचंच बंद झालं. सेठजी एकदा बसले की बसले.

त्या लाल वस्तूची किती उत्तरं ऐकली म्हणून सांगू! चारबाग स्टेशनला गाडीतून उतरून थेट सामानासकट आलेल्या एका वरपित्याला तिथे चुनरी दिसली. एका वकिलांना मिरच्यांची माळ. चौकातल्या, चिकनकारी भरतकामाचे कपडे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने तर टॉवरकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, "मियाँ, तुम्हाला टाक्यांचे फोटो काढायचे ना? मग दूरवाला कशाला? जवळचं चांगलं टिपणारा घ्या." ते अत्यंत अदबीने म्हणाले, "भाभीजी, टाँके तो हम अपने देख लेते हैं। हमें सामने वाले की दुकान देखनी है।" गल्लीच्या त्या टोकाच्या दुकानात कोणतं गिऱ्हाईक किती वेळ बसतं, हे त्यांना आपल्या गादीवरून बघायचं होतं. पुढे कळलं, की समोरच्यानेही तसाच कॅमेरा घेतला. आता दोघं एकमेकांना भिंगातून सलाम करतात म्हणे.

आणखी एक गृहस्थ आले होते. हळू आवाजात म्हणाले, "पडोस की छत साफ़ दिखनी चाहिए।" मी पूर्ण बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "छत पे कौन रहता है, भाईसाहब? नाम बता दीजिए, उसी हिसाब से कैमरा निकालूँ!" गृहस्थ जे गेले ते कपूरथल्यात परत दिसले नाहीत. सेठजी दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. एक गिऱ्हाईक गेलं. पण नंतर समोशाची पुडी मुकाट्याने माझ्याकडे सरकवली, म्हणजे त्यांचंही मत माझ्यासारखंच होतं.

असो. मला सांगायचं आहे ते वर्तककाकांचं.

वर्तककाका किड्यांचे डॉक्टर. म्हणजे इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी सगळं आयुष्य पिकांवरच्या किडी सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघण्यात घालवलं. डासाच्या पायाएवढी वस्तू चिमट्याने उचलून काचेवर ठेवायची, तीही न मोडता. असा हात. निवृत्त झाल्यावर इथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर आणि पक्ष्यांचा नाद. इथल्या काही निवृत्त मंडळींचा एक चमू आहे, रविवारी पहाटे शहराबाहेरच्या तळ्यांवर जातो, सारस बघतो, फोटो काढतो आणि आठवडाभर एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवतो. काकांनी त्यासाठी पहिला दूरवाला माझ्याकडूनच नेला होता. मोजा! (हे उत्तर आहे. घरट्यात लाल काय आहे, तर लहान मुलाचा लोकरीचा मोजा. काकांनी तो एका नजरेत ओळखला होता.)

मग कधीतरी ते कॅमेरा घेऊन परत आले. फोटो पुसट येतात म्हणाले, धुरकट. मी तो दुरुस्तीला पाठवला, दुरुस्तीवाल्याने "काही दोष नाही" म्हणून परत पाठवला. काकांनी दुसरीकडून दुसरा घेतला. त्यातही दोष निघाला. चमूच्या मोबाइलवर त्यांचे फोटो यायचे थांबले. मग रविवारी गाडीत त्यांची जागा रिकामी जायला लागली.

आणि एका दुपारी वर्तककाकू एकट्याच दुकानात आल्या. सेठजी बँकेत गेलेले. काकूंनी मोबाइलच्या कव्हरांकडे बघत बघत, जणू कव्हरच घ्यायचं आहे अशा थाटात बोलायला सुरुवात केली.

"मंगल, उद्या मी ह्यांना घेऊन येते. नवीन कॅमेरा घ्यायचा म्हणतायत. तू एवढंच कर. आधीच्या दोन्हीत दोष होता म्हणून सांग."

"काकू, दोष नव्हता त्यात."

"मला माहीत आहे गं. हात थरथरतो त्यांचा. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, गोळी सुरू आहे. पण घरात आम्ही तो विषय काढत नाही. कॅमेऱ्यालाच नावं ठेवतो. मी ठेवते, लेक फोनवरून ठेवते."

मी कव्हरांचा गुच्छ उगाच सरळ केला.

"तुला चहाचं माहीतच असेल," काकू म्हणाल्या.

चहाचं लखनौच्या सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. वर्तकांकडे गेलं की चहा अर्धा कप मिळतो. कधीपासून कोण जाणे, पण हे सुरू झालं आणि गणपतीच्या मांडवात त्यावरून बायकांनी खूप करमणूक करून घेतली. "वर्तकांकडे चाललात? मग घरून अर्धा पिऊन जा." या वाक्यावर सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल हे तुम्ही माझा आवाज ऐकला असता तर विचारलं नसतं.

"त्यांचा पूर्ण भरलेला कप सांडतो," काकू म्हणाल्या. "त्यांना एकट्यांनाच अर्धा दिला तर कळेल. म्हणून मी सगळ्यांनाच अर्धा देते. लोक कंजूष म्हणतात ते ऐकू येतं मला. म्हणू देत."

जाता जाता त्यांनी खरं काय ते सांगितलं. "हे म्हणालेत, हा शेवटचा. यातही नाही जमलं तर पक्षी बंद, बाहेर जाणं बंद. आणि त्यांना मी ओळखते, मंगल. एकदा घरात बसले की मग सगळंच बंद होईल."

त्या रात्रीच्या स्वयंपाकात मी मीठ दोनदा घातलं. प्रश्न साधा नव्हता. दूरवाल्याचं एक मर्म आहे, ते काउंटरवर कोणी सांगत नाही. लांबची घार जितकी मोठी दिसते, तितकाच तुमच्या हाताचा कंपही मोठा होतो. पूर्ण झूमला निरोगी माणसाची नाडीसुद्धा चित्रात उडताना दिसते. सगळ्यात मोठा एक्स काकांच्या हातात देणं म्हणजे त्यांच्या थरथरीला दुर्बीण लावणं. पण छोटा दिला तर विचारणार, छोटा का? आणि दोष होता म्हणून खोटं सांगितलं, तर नव्यातही परवापासून दोष निघणार.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. फेब्रुवारीतलं ऊन, स्वच्छ, थोडं उबदार. काका इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, हात पँटच्या खिशात. ते खिशातले हात मी पहिल्यांदाच बघितले. म्हणजे आधीही ते तिथेच असणार.

"सगळ्यात जास्त एक्सचा काढ," काका म्हणाले. "या वेळी तडजोड नाही."

सेठजींनी खुर्चीतूनच "वाह डॉक्टर साहब!" केलं. मी सगळ्यात मोठा काढला आणि आम्ही पायरीवर आलो. काकांनी कॅमेरा डोळ्यांपासून लांब, दोन्ही हात पुढे करून धरला, हल्ली सगळे फोन धरतात तसा. झूम पुढे गेला. पडद्यावर टॉवर आला आणि नाचायला लागला. घरटं उजवीकडून आलं, डावीकडून गेलं. काकांनी बटण दाबलं. फोटोत तपकिरी रंगाचं काहीतरी पाण्यात बुडाल्यासारखं.

"यातही दोष आहे," काका म्हणाले.

"हो ना, यातही दोषच," काकू लगेच म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघितलं. तुझी पाळी.

आतून सेठजी, बिचारे, काहीच माहीत नसताना त्यांना सामील झाले. "अरे साहब, आजकल का माल ही ऐसा आ रहा है।"

तीन माणसं एका निर्दोष यंत्राला नावं ठेवत होती आणि चौथ्या माणसाने फक्त मान हलवायची होती. मला नाटक आवडतं, माझा जन्मच त्यासाठी झाला आहे, पण ती मान काही हलेना. मी कॅमेरा माझ्या हातात घेतला (काकांचे हात लगेच खिशात गेले), तसाच लांब धरला, झूम टोकाला नेला आणि पडदा काकांकडे वळवला.

"काका, हा माझा हात."

टॉवर नाचत होता. काकांपेक्षा कमी, पण नाचत होता.

"सेठजी! बाहर आइए।"

"हम?" सेठजींच्या आवाजात खुर्चीने केलेली तक्रारच होती.

"आप।"

सेठजी आले. मी त्यांच्या हातात कॅमेरा दिला. त्यांच्या पडद्यावर टॉवर दिसलाच नाही. आधी आकाश, मग मिठाईवाल्याची पाटी, मग एकदम कोणाची तरी स्कूटर. "भाभीजी, टावर गया कहाँ?" असं त्यांनी इतक्या कळकळीने विचारलं की पानवाल्यानेही टॉवर आहे ना याची खात्री करून घेतली.

"सगळ्यांचेच हलतात, काका," मी म्हटलं. "हे भिंग फक्त चुगली करतं."

काका त्या पडद्याकडे बघत राहिले. मग खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर पुढे धरला, उन्हात. एखादा नमुना तपासायला ठेवावा तसा.

"पण माझा जास्त," ते म्हणाले.

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "अहो, कॅमेराच..."

"कॅमेरा उत्तम आहे, सुमन. पहिलाही उत्तम होता." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ही सगळ्यांना अर्धा कप चहा देते. तिला वाटतं मला कळत नाही. मी म्हटलं, तिला एवढं करावंसं वाटतंय तर करू दे. आपण कॅमेऱ्याला नावं ठेवू."

म्हणजे काकू काकांसाठी लपवत होत्या, आणि काका काकूंसाठी. आणि मधल्या मधे दोन चांगले कॅमेरे बदनाम झाले.

काकूंनी मुठीतलं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, "मग इतके दिवस अर्धा प्यायलात कशाला? मागायचा होता ना!"

"तूच म्हणाली असतीस, सांडेल."

"सांडला असता! पुसला असता!"

हे भांडण अत्यंत चांगलं चाललं होतं, पण मी दुकानदार आहे. मी आत गेले आणि मला द्यायचा होता तो कॅमेरा घेऊन आले. एक्स कमी, अंगाने आटोपशीर, आणि मुख्य म्हणजे मागे डोळा लावून बघायचं छोटं भोक असलेला. डोळा तिथे टेकला की कपाळ कॅमेऱ्याला टेकतं, कोपरं पोटाशी येतात, आणि हाताला दोन आधार जास्तीचे मिळतात. आता आणखी एक आधार हवा होता. सेठजींच्या खुर्चीखाली घरी न्यायची राजम्याची कापडी पिशवी होती. मी ती उचलली आणि निम्मा राजमा सेठजींच्या दुपारच्या डब्याच्या झाकणात ओतला.

"भाभीजी, ये क्या?"

"पिशवी गच्च भरलेली असली तर कॅमेरा वरून घसरतो. अर्धी असली की त्याला कुशीत घेते," मी काकूंना मराठीत सांगितलं. काकूंनी "अर्धी" हा शब्द ऐकला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या.

पायरीच्या कठड्यावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा, कॅमेऱ्याला काकांचं कपाळ. तरीही भिंगाचं टोक बारीक थरथरत होतं. तेव्हा काकूंना मी सांगितलं, भिंगावर वरून तळहात ठेवा. दाबू नका, नुसतं वजन द्या. आणि बटणाची पद्धत मोठ्याने सांगितली, काकांसाठी, पण सवयीने आधी हिंदीत, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी. "पहले पूरी साँस छोड़िए। फिर रोकिए। फिर धीरे से दबाइए। जब तक फोटो न हो जाए, साँस नहीं लेनी।"

फोटो कसा आला ते मी आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचा तो शेवट फोटोचा नाही. मोजा आला. लाल, लोकरीचा, एक टाका उसवलेला. आणि मोज्याच्या मागे एक पांढुरकं, चिडलेलं, पिसं फुटायच्या आधीचं डोकं. पिल्लू. मी त्या घरट्याकडे रोज बघत होते, मला ते कधी दिसलं नव्हतं. काकांनी तो फोटो चमूला पाठवला आणि सगळ्यांनी त्याला भरपूर नावं ठेवली, म्हणजे तो चांगला होता. रविवारची गाडीतली त्यांची जागा आता रिकामी नसते. पिशवी तीच आहे, राजमा सेठजींनी परत मागितला नाही. थरथर कमी झाली नाही, होणारही नाही. वाईट दिवस असतात, तेव्हा काका फक्त बघून येतात. आणि गेल्या गणपतीत मी वर्तकांकडे गेले होते. चहा काठोकाठ भरून आला. काकांचा बशीत सांडला, त्यांनी तो बशीतूनच प्यायला आणि काकू पुसायलासुद्धा उठल्या नाहीत.

पण त्या दुपारचा तो क्षण. काकांचा डोळा भोकाला, काकूंचा तळहात भिंगावर, दोघांची पाठ आमच्याकडे. काकांनी श्वास सोडला. धरला. काकूंनीही धरलेला, त्यांचे खांदे वर थांबलेले मला दिसत होते. मीही धरला होता, हे मला मागाहून कळलं. बाजारातला तो कोपरा एकदम गप्प. कॅमेऱ्याने बारीकसा आवाज केला. पण कोणी हललं नाही, कारण काका अजून डोळा काढत नव्हते, आणि त्यांनी डोळा काढल्याशिवाय काय झालं ते कसं कळणार?

तेव्हा माझ्या मागून, डब्याच्या झाकणात राजमा धरून उभ्या असलेल्या, टोमॅटोसारख्या लाल झालेल्या रस्तोगी सेठजींच्या तोंडून फुटलं:

"भाभीजी, अब हम लोग भी साँस ले लें?"